औषधाची तांबी

१४ नोव्हेंबर

निखत आणि मी वसतिगृहाच्या जिन्यात बसून वह्यांना कव्हरं घालत होतो. सोलापूरचं कॉन्व्हेंट, आठवी असेल किंवा नववी. मधे ॲल्युमिनियमच्या वाटीत कणकेची खळ. निखत कागदाची घडी नखानं दाबायची, मी खळ लावायची आणि लावता लावता बोट चाटायची. वाटी निम्मी झाली तेव्हा सिस्टरचं लक्ष गेलं. त्या रागावल्या नाहीत. उरलेली तरी वह्यांसाठी राहू द्या, एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी दुसरं काहीही घडलं नव्हतं. तरी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पडलेलं ते ऊन अजून तसंच्या तसं दिसतं मला. आज या वहीला तपकिरी कागद लावताना तो सगळा जिना खोलीत आल्यासारखा वाटला.

वही केली ती तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. अंगावरून किती दिवस जातं, किती जातं, लिहून ठेवायचं. ऑपरेशनपर्यंत. गर्भपिशवी काढायची ठरली आहे, दहा डिसेंबरला. भाऊजींनी तारीख घेतली, खोलीही सांगून ठेवली. मल्लिनाथभाऊजी माझे धाकटे दीर. हे गेल्यापासून नऊ वर्षं मी तामलवाडीत त्यांच्याच घरात आहे, ते, त्यांची बायको जगदेवी आणि मी. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. भाऊजींचं खत-बियाण्याचं दुकान हायवेवर आहे, माझी शाळा घरापासून सात मिनिटांवर. हल्ली पंधरा लागतात.

नोंद : आजचा सहावा दिवस. गाठी पडतात. शाळेत खुर्चीवर टॉवेलची घडी ठेवूनच बसते.

१९ नोव्हेंबर

अकरावा दिवस. थोडं कमी.

या वयात देवाकडे ओढ वाढते म्हणतात, ते खरं असावं. सकाळी इष्टलिंगाची पूजा करताना विभूतीचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं. कपाळाला लावून झालं की विभूतीच्या गोळीचा कोपरा दाताखाली धरते. जिभेवर आधी कोरडी, मग गार, मग विरघळत जाते. डोळे मिटतात. असं समाधान मला आयुष्यात कधी पूजेत मिळालं नव्हतं. महिन्याला एक गोळी पुरायची, आता आठवड्यालाही पुरत नाही. तुळजापूरच्या दुकानदारानं विचारलं, मठासाठी नेता काय.

आमच्यात पाळीचा विटाळ नाही हे किती बरं. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, बाजूला बसायचं नाही, लिंग गळ्यात असलेल्या बाईला शिवाशिव कसली. त्यामुळे या घरात रक्ताचं कुणाला काही वाटत नाही. भाऊजीसुद्धा जेवताना विचारतात, वहिनी, थांबलं का.

२३ नोव्हेंबर

सुट्टी. दिवसभर पडून होते. खिडकीतून शाळूचं शेत दिसतं, अजून गुडघ्याएवढं आहे. वारा आला की सगळं शेत एका बाजूला झोपतं आणि उठतं. त्याच्याबरोबर मीही झोपत-उठत होते. पाय जमिनीला टेकतच नाहीत असं वाटतं हल्ली, आणि ते वाईट वाटत नाही. कानात समुद्रासारखं काहीतरी वाजत असतं. मी समुद्र एकदाच पाहिला आहे, यांच्याबरोबर, मालवणला.

दुपारी सिताबाई भांडी घासून झाल्यावर माझ्या उशाशी येऊन टेकल्या. माझं ऑपरेशन ठरल्याचं त्यांना कळलं होतं. त्यांची पिशवी काढली त्याला पंचवीस वर्षं झाली. मी म्हटलं, बरं वाटलं असेल नंतर. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"सव्वीस वर्साची हुते म्या," त्या म्हणाल्या. "ऊस तोडाया जायचं, मुकादमाला खाडा चालत न्हवता. दोन लेकरं झालतीच. काढून टाकली. तवापास्नं कंबर माझी न्हाय, बाई. अंगात भट्टी पेटती अन् इझती. कुणी सांगितलंच न्हाय की ह्ये बी हुतं."

मग त्यांनीच माझी समजूत घातली. तुमचं वय झालंय, तुमास्नी काय होत न्हाय.

२७ नोव्हेंबर

आज वर्गात फळ्यावर लिहीत होते. फळा हळूहळू जवळ आला, मग लांब गेला. मी खाली बसले. मुलींनी पाणी दिलं. बब्रुवान सरांनी, आमच्या मुख्याध्यापकांनी, स्वतः स्कूटरवरून घरी सोडलं आणि वाटेत दोनदा मागे वळून पाहिलं मी आहे का ते.

जगदेवीनं गूळ-पाणी दिलं. जिना चढून माझ्या खोलीपर्यंत आली तेव्हा तिलाच धाप लागली होती. वजन वाढलंय म्हणते. बसली, सुपात तांदूळ घेऊन निवडत. निवडता निवडता चार दाणे तोंडात टाकते, तिची सवय. मी तिला सांगून टाकलं, मला पिशवी काढायची नाही वाटत. का ते मला नीट सांगता आलं नाही. तिनं सूप खाली ठेवलं.

"अक्का, राग मानू नका. त्या पिशवीनं तुमाला दिलं काय?"

ती दुष्टपणानं बोलली नाही. तिला खरंच कळत नव्हतं. मी भिंतीकडे तोंड केलं.

तिला सांगायला हवं होतं. इथं लिहिते. एकदा अशीच फळ्यावर लिहीत असताना आतून काहीतरी हललं होतं, मासोळीनं शेपूट फिरवावं तसं. अर्ध्या वाक्यावर मी थांबले. मुलींना वाटलं शब्द आठवत नाही. पाचवा महिना होता. त्यानंतर नऊ दिवसांनी सगळं संपलं. त्याआधी तिथं कुणी राहिलं नव्हतं, नंतरही नाही. पण ते नऊ दिवस माझ्या देहात आम्ही दोघी होतो. जिथं ती राहिली ते काढून ट्रेमध्ये ठेवायचं, हे मला नको आहे. हे कारण कुठल्या डॉक्टरला सांगायचं.

संध्याकाळी निखतला फोन केला. चाळीस वर्षं झाली तरी तिच्या आवाजात जिन्यातला प्रतिध्वनी आहे. ती सोलापूरला सिस्टर म्हणूनच मुदतीआधी निवृत्त झाली, दवाखान्यातली सिस्टर. मी सगळं सांगितलं. तिनं विचारलं, सोनोग्राफी केली का, अस्तराचा तुकडा तपासला का, हिमोग्लोबिन किती. यातलं काहीच केलं नव्हतं.

"काय गं श्री, तपासल्याशिवायच तारीख काढली? लग्नाची पण अशी काढत नाहीत." मग आवाज बदलून म्हणाली, "मंगळवारी ये. मी स्टँडवर उभी राहते."

३ डिसेंबर

सोलापूर. निखत खरोखर स्टँडवर उभी होती, छत्री उघडून. केस सगळे पांढरे. तिनं मला बघितलं आणि हसायची थांबली. माझी खालची पापणी ओढून पाहिली, तिथंच, लोकांत.

तिच्या ओळखीच्या डॉक्टर शिवरंजनी वयानं लहान आहेत, बोलताना पेन फिरवतात. सोनोग्राफी झाली. पिशवी जरा सुजलेली, जाड झाली आहे म्हणाल्या, गाठ नाही. अस्तराचा तुकडा तपासायला घेतला. दुखलं. निखतनं हात धरला होता. हिमोग्लोबिन सहा पूर्णांक एक. डॉक्टर म्हणाल्या, तुम्ही एसटीनं आलात? मी हो म्हटलं. त्या निखतकडे बघत राहिल्या.

मग खूप प्रश्न. धाप लागते का, कानात आवाज येतो का, पाय सुजतात का. खडू खावासा वाटतो का, माती, भिंतीचा पोपडा, कच्चे तांदूळ? मी नाही म्हटलं. शाळेत तीस वर्षं खडू हाताळला, कधी जिभेला लावला नाही. कॉन्व्हेंटमध्ये खोटं बोलायला शिकवलं नव्हतं.

ऑपरेशनबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, काहींना करावंच लागतं. पण आधी तुकड्याचा अहवाल बघू. आणि सहा हिमोग्लोबिनवर कुणी टेबलावर घेऊ नये.

दोन तास शिरेतून लोहाचं औषध दिलं. गडद तपकिरी, काळ्या चहासारखं. थेंब मोजत झोप लागली.

५ डिसेंबर

भाऊजींना तारीख पुढे ढकलायला सांगितलं. त्यांना आवडलं नाही. तालुक्याच्या डॉक्टरांना शब्द दिला होता. अहवाल येईपर्यंत थांबू म्हणाले. त्यांच्या मनात कॅन्सर हा शब्द आला, माझ्याही. दोघांनीही उच्चारला नाही.

१२ डिसेंबर

अहवाल चांगला आला. वाईट काही नाही. निखतनं फोनवर वाचून दाखवला, मग म्हणाली, रड आता. मी रडले.

आज पुन्हा सोलापूर. डॉक्टरांनी टेबलाच्या खणातून एक नमुना काढला. इंग्रजी टी अक्षरासारखा, माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढा, पांढरा, मऊ, खाली दोन बारीक दोरे. पिशवीच्या आत बसतो आणि रोज किंचित किंचित औषध सोडतो. अस्तर पातळ होतं, मग जायला रक्तच फारसं उरत नाही. पाच वर्षं काम करतो, कधी जास्तही. तोवर पाळी आपली आपण जाईल. पिशवी जागेवर.

"पहिले तीन-चार महिने थेंबथेंब जात राहील, कधी सहासुद्धा," त्या म्हणाल्या. "तेव्हा धीर सोडायचा नाही. ताप आला, फार दुखलं, तर लगेच यायचं. आणि सगळ्यांना लागू पडतंच असं नाही. नाही पडलं तर ऑपरेशन कुठं पळून जात नाही."

मी विचारलं, ही तांबीच ना?

निखत म्हणाली, तांब्याचा कण नाही त्यात, ही औषधाची आहे. पण बसते तिथंच, दिसते तशीच, आणि मूल होऊ न देण्याचं कामही करतेच. गावात तिला दुसरं नाव नाही.

परत येताना एसटीत तोच एक शब्द चाकांबरोबर फिरत होता. मी एक्कावन्न वर्षांची, नऊ वर्षांची विधवा, कपाळाला विभूती लावणारी, पोरींना इंग्रजी शिकवणारी बाई. मी तांबी बसवून घेणार. रक्त चालतं आमच्या घरात, हे कसं चालेल? तामलवाडीचा फाटा आला तरी उतरायचं लक्षात नव्हतं. कंडक्टरनं हाक मारली.

घरी सांगितलं, औषध सुरू करणार आहेत. खोटं नाही ते.

६ जानेवारी

बसवली. पाच मिनिटं लागली असतील. एक कळ आली, पोटातून पाठीत गेली, तशीच थांबली, ओसरली. डॉक्टर माझ्याशी हुरड्याबद्दल बोलत होत्या, कुठल्या शाळूचा गोड. मी उत्तर देत होते. मग त्या म्हणाल्या, झालं.

दुपारभर निखतच्या घरी पडले. तिच्या खिडकीत निळा पडदा आहे, खोलीत सगळं पाण्याखाली असल्यासारखं. ती शेजारी बसून मटार सोलत होती. पोटात मंद दुखत होतं, दुसऱ्या कुणाचं तरी दुखावं तसं. हे स्वप्नात आले. एसटी स्टँडवर, ते कंट्रोलर होते त्या खिडकीत बसलेले, खाकी कपड्यात. म्हणाले, श्री, तुझी गाडी लागली आहे. मी म्हटलं, कुठं जाणारी? ते पाटी वाचायला वाकले आणि मी जागी झाले.

डॉक्टरांनी एक कार्ड दिलं आहे. बसवल्याची तारीख, तपासणीची तारीख. आधारकार्डाच्या पाकिटात ठेवलं.

२८ जानेवारी

रोज. थोडं थोडं, पण रोज. बावीस दिवस झाले. पूर्वी निदान संपायचं, आता संपतच नाही. धीर सोडायचा नाही म्हणाल्या होत्या. भाऊजी आज म्हणाले, वहिनी, त्या औषधाचा गुण दिसत नाही, तालुक्याचे डॉक्टर अजून मार्चची तारीख देतो म्हणतात. मी म्हटलं एप्रिलपर्यंत थांबा. ते म्हणाले, बरं, एप्रिल. एप्रिलनंतर माझ्याकडे सांगायला काही उरणार नाही.

१७ फेब्रुवारी

जगदेवीला कसल्याशा अर्जासाठी माझं आधारकार्ड हवं होतं. मी शाळेत होते. तिनं पाकीट उघडलं.

घरी आले तेव्हा कार्ड स्वयंपाकघराच्या ओट्यावर, मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेलं होतं. त्यावर चित्र आहे, आणि खाली मराठीत गर्भनिरोधक हा शब्दही. ती भाकरी थापत होती. थापणं थांबवलं नाही.

"अक्का, थोरले भावजी जाऊन नऊ वर्षं झाली," ती म्हणाली.

एवढंच. कार्ड उचललं आणि वर आले. जेवायला गेले नाही, ती बोलवायलाही आली नाही.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. नऊ दिवस जगदेवी माझ्याशी कामापुरतं बोलते. दूध उतू जातंय. गॅस आलाय. रागानं पांढरीफटक पडली आहे, ओठसुद्धा पांढरे. दुपारी दार लावून पडून राहते. माझं तोंड बघायला नको म्हणून असणार. भाऊजींना सांगितलेलं दिसत नाही, ते नेहमीसारखेच आहेत.

दुसरीही एक गोष्ट मनाला लागली आहे. आज इतक्या मोठ्या दिवशी पूजेला बसले, विभूती लावली, आणि तोंडात धरावीशी वाटली नाही. मुद्दाम कोपरा चावून पाहिला. राख लागली. नुसती राख. गेले काही आठवडे गोळी जशीच्या तशी आहे, ते आता लक्षात आलं. लोहाच्या तीन बाटल्या झाल्या, अंगात ताकद आली, जिना एका दमात चढते, आणि श्रद्धा मात्र अशी आटली. बरं वाटू लागलं की माणूस देवाला विसरतं, तशी मी निघाले. खूप वेळ डोळे मिटून बसले. ती जुनी ओढ आली नाही.

२१ मार्च

सहा दिवस कोरडे गेले. सहा. मग दोन दिवस डाग, मग परत काही नाही. लिहितानाही भीती वाटते.

शाळू काढून झाला. खिडकीतलं शेत मोकळं आहे, त्यावर दुपारी हवा थरथरते.

१४ एप्रिल

जगदेवी आणि भाऊजी येरमाळ्याला यात्रेला जाऊन आले. तिथं येडेश्वरीच्या पालखीच्या वेळी रानात चुनखडी वेचतात, प्रत्येकानं आपापल्या हातानं वेचायची असते. जगदेवी दरवर्षी सगळ्यांच्या पुढे असते. यंदा जीपमधून उतरलीच नाही, भाऊजींनी तिच्या वाटची वेचून दिली. ऊन फार होतं म्हणाली. त्यातले बरेच खडे तिनं कनवटीला ठेवले आहेत. आज दुपारी बघितलं, एक खडा तोंडात धरून डोळे मिटून बसली होती. तिची श्रद्धा शाबूत आहे. मला हेवा वाटला.

एप्रिल निम्मा सरला. भाऊजींनी विचारलं. मी सांगितलं, या महिन्यात दोन थेंब, हिमोग्लोबिन अकरा. ते म्हणाले, मग ती तारीख सोडून देतो. आणि दुकानाला गेले. इतक्या साध्या वाक्यात संपलं. मी पोटावर हात ठेवून जिन्यात उभी राहिले. आत सगळं होतं तसं आहे.

१ मे

झेंडावंदन, निकाल. सायीच्या रंगाची साडी नेसले, सात वर्षांनी. कुठल्याही खुर्चीवर नुसती बसले. बब्रुवान सर म्हणाले, बाई आज फार प्रसन्न. मैदानावरून चालताना मागे साडी चाचपायला हात आपोआप गेला, मग त्यालाच कळलं की काही काम नाही.

४ मे

दुपार. पंखा चालू होता, मी वाचत होते की झोपले होते, सांगता येत नाही. दारात जगदेवी. आत आली नाही, चौकटीला धरून उभी. अडीच महिन्यांत ती माझ्या खोलीशी आली नव्हती. मला वाटलं, आता सगळं बोलून घेणार. घेऊ दे म्हटलं.

ती माझ्याकडे न बघता, खिडकीकडे बघून म्हणाली, "अक्का, बसवताना दुखतं का?"

मला कळायला वेळ लागला. टोमणा वाटला आधी. मग तिचे पाय बघितले, घोट्याशी सुजलेले. चौकट धरलेली नखं. ती रागानं पांढरी नव्हती.

मी उठून तिला खाली बसवलं. दोन वर्षं झाली म्हणाली. दोन वर्षं, बारा-बारा दिवस. भाऊजींना का सांगितलं नाही? तुमच्या ऑपरेशनची खोली ठरवत होते, एका घरात दोन-दोन कशाला, आधी तुमचं होऊ दे म्हटलं. मग तुमचं ऑपरेशन झालंच नाही. मग ते कार्ड सापडलं. "तुमाला वाचायला मार्ग सापडला अन् तुमी मला सांगितला न्हाई," ती म्हणाली. "त्याचा राग आला हुता मला. तोंडातनं भलतंच गेलं."

डिसेंबरपासून खरं कारण तिच्यापासून लपवून सोलापूरला ये-जा करत होते मी.

डॉक्टरांचा प्रश्न आठवला. विचारलं तिला, खडू, माती, असलं काही खातेस का? ती ओशाळली. तांदूळ खाते कच्चे. आणि देवीची चुनखडी, वाईट वाटतं पण राहवत नाही. मी तिला समजावून सांगितलं, त्यात पाप नाही, रक्तातलं लोह कमी झालं की जीभ असं मागते. नशीब, माझं तसं काही झालं नव्हतं. मला तेव्हा फक्त विभूतीची ओढ होती, पण ती वेगळी गोष्ट.

तिला एकच भीती आहे. भाऊजींना कोण सांगणार.

५ मे

मी सांगितलं. जेवताना. इतर वेळी ते एका जागी बसत नाहीत.

म्हटलं, भाऊजी, जगदेवीला दोन वर्षं त्रास आहे, माझ्यासारखाच. मला बसवली ती औषधाची तांबी आहे. तिलाही कदाचित बसवतील, कदाचित दुसरं काही करतील, तपासल्यावर कळेल. तांबी हा शब्द मी मोठ्यानं उच्चारला. भिंती जागच्या जागी राहिल्या.

त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. जगदेवी चुलीपाशी पाठमोरी.

"मला बोलली न्हाई ती," ते शेवटी म्हणाले. मग तिच्या पाठीकडे बघून, हळू, "जीपमधनं उतरली न्हाईस, तवाच मला कळाया पायजे हुतं."

जगदेवी वळली. तिनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

निखतला फोन केला. तिनं विचारलं, आता कितवी? म्हटलं दुसरी. म्हणाली, तुमच्या घराला मी मोठी गादी घेऊन ठेवते.

७ मे

उद्या सकाळी पहिल्या गाडीनं निघतो. दोन रात्री निखतकडे. तपासणी, तुकडा, लोहाची पहिली बाटली. पुढचं त्या बघतील. जगदेवीनं चारदा पिशवी भरली आणि उपसली. घर कधी एकदम दोघींनी सोडलं नव्हतं, म्हणून हे लिहून ठेवते. पान फाडून फ्रीजवर लावायचं आहे.

भाऊजींना : कडक भाकऱ्या डब्यात, शेंगाचटणी वरच्या फळीवर. दही सिताबाई लावतील. रात्रीचं दूध तुम्ही तापवायचं, उभं राहून, फोनवर बोलत नव्हे. पुण्याला फोन करून मुलाला सांगायचं, आई दवाखान्यात गेली आहे. कशासाठी तेही सांगायचं, तो मोठा झाला आहे.

सिताबाईंना : दोन दिवस भांडी थोडीच असतील, लवकर घरी जावं. कंबरेला शेकायची माझी रबरी पिशवी कपाटात डाव्या हाताला आहे, ती आता त्यांचीच. निखतची चिठ्ठी तिच्याखाली ठेवली आहे, हाडांच्या तपासणीची. ती कुणीतरी त्यांना वाचून दाखवावी. भाऊजी, तुम्हीच दाखवा.

बब्रुवान सरांना : नववीच्या उरलेल्या गुणपत्रिकांचा गठ्ठा, सुतळीनं बांधलेला. सुट्टीतल्या कामाच्या रजेचा अर्ज आत आहे. कारणाच्या रकान्यात जे आहे तेच लिहिलं आहे.

शेजारच्या कुलसुमबींना : मोगऱ्याची फुलं, सकाळी. उन्हं चढली की कोमेजतात आणि मग त्या आपल्याला बोलतात.

दारावर कुणी विचारलं, जावा-जावा कुठं गेल्या, तर त्याला खरं उत्तर.

माझ्यासाठी पाण्याची बाटली, चष्मा, हे पेन.

जगदेवीला गाडीत खिडकीजवळची जागा.